अंकोरची वाट आणि वाटसरू

शके १११३ मध्यें, म्हणजे इ. स. ११९१ सालीं, कंबुज देशाचा राजा सातवा जयवर्मा यानें आपल्या प्रेआ खान येथील मंदिरांत एक संस्कृत शिलालेख उभा केला. त्या लेखांत मूर्ती, सोनेंरुपें, धान्य, वस्त्रें यांची लांबलचक मोजदाद आहे. त्या मोजदादींतच, जणूं काय देवाच्या वैभवाचाच तो एक भाग असावा अशा रीतीनें, हमरस्त्यांवर बांधलेल्या १२१ विश्रामगृहांचा हिशेब दिला आहे. राजधानी यशोधरपुर, म्हणजे आजचें अंकोर. तेथून चंपा देशाच्या नगरीपर्यंत ५७, वायव्येकडे विमायपुरापर्यंत १७, दुसऱ्या एका फेऱ्यावर ४४, आणि उरलेलीं इतरत्र. सुमारें पंधरा पंधरा किलोमीटरच्या अंतरानें हीं घरें होतीं. तेथें अग्नि सिद्ध असे, म्हणून त्यांस वह्निगृहें म्हणत. पुढें शंभर वर्षांनीं आलेल्या चिनी वकिलातींतील चौ ता-क्वान यानेंहि हमरस्त्यांवरील या विसाव्यांची नोंद केली आहे. वाटसरूची सोय करणें हें राज्याचें काम आहे ही कल्पना त्या देशास फ्रेंचांनीं शिकविली नाहीं, हें यावरून उघड होतें.

याच राजाचा ता प्रोह्म येथील ११८६ सालचा लेखहि आमच्या विषयास तितकाच उपयोगी आहे. त्या एका मंदिराच्या सेवेस ३,१४० गांवें लावून दिलेलीं होतीं, व तेथील कामास ७९,३६५ माणसें बांधलेलीं होतीं, असें तो लेख सांगतो. भात पिकविणारे, मध आणि मेण आणणारे, वस्त्रें विणणारे, नाचणाऱ्या, स्वयंपाकी असे हे लोक होते. अंकोरचे दगड आज पाहणाऱ्यास दिसतात. हीं गांवें दिसत नाहींत. लांकडाचीं घरें ओल्या हवेंत किती दिवस टिकणार? राजवाडा देखील लांकडाचाच होता. पण दगड उभे राहिले ते या गांवांच्या भातावर, ही गोष्ट पुढील विवेचनांत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आज कंबोडियांत पुन्हां एकदां वाटसरूच्या हिशेबास मोठें महत्त्व आलें आहे. सुमारें पावणेदोन कोटी वस्तीच्या या देशांत २०१९ सालीं ६६ लाख परदेशी प्रवासी आले. त्यांजपासून सुमारें ४९० कोटी डॉलर मिळाले, आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा जवळ जवळ अष्टमांश या एका धंद्यानें भरून काढला. मग महामारी आली, आणि २०२१ सालीं हा आंकडा दोन लाखांच्याहि आंत गेला. २०२४ सालीं तो पुन्हां चढून ६७ लाखांवर पोंचला. या चढउताराकडे पाहून कोणी उज्ज्वल भविष्य वर्तवितात, तर कोणी निराशेचा सूर काढतात. आमच्या मतें दोघांचीहि चूक एकच आहे. ते माणसें मोजतात. कोण आला, कोणत्या दारानें आला, किती दिवस राहिला, आणि तो गेल्यावर त्याचा पैसा कोणाच्या हातांत राहिला, हे प्रश्न मागें पडतात. अंकोरच्या वाटेचा इतिहास पाहिला तर हे प्रश्न नवीन नाहींत असें दिसून येईल.

चौ ता-क्वान १२९६ सालीं आला आणि सुमारें एक वर्ष राहून परत गेला. त्याचें छोटेखानी पुस्तक नसतें, तर त्या नगरांतील बाजार, स्त्रियांचा व्यापार, न्यायाच्या पद्धती, राजाची मिरवणूक यांविषयीं आज आपल्या हातीं दगडांखेरीज फारसें कांहींच नसतें. कारण संस्कृत लेखांतील कवि राजाची स्तुति करण्यांत गुंग आहेत, त्यांस बाजाराकडे पाहण्यास सवड नाहीं. एक वर्ष राहिलेल्या एका प्रवाशानें जें पाहिलें तें दोन दिवसांच्या हजारों प्रवाशांस दिसणार नाहीं, हें सांगणें नलगे.

यानंतरच्या एका वाटसरूचा संबंध आपल्या गोमंतकाशीं येतो. सुमारें १५८६ सालीं अंतोनियु दा मादालेना नांवाचा एक कापुचिन साधु अंकोरास जाऊन आला. पुढें १५८९ सालीं जहाज फुटून तो समुद्रांत मरण पावला. परंतु तत्पूर्वीं त्यानें आपण पाहिलेला वृत्तान्त गोव्यांत दियोगु दो कौतु यास सांगितला होता. कौतु हा पोर्तुगीज दरबाराचा बखरकार व गोव्याच्या दफ्तरखान्याचा अधिकारी. त्यानें त्या नगरीचे वेशीचे दरवाजे, खंदक, पूल आणि तें अर्धवट पुरें झालेलेंसें दिसणारें मोठें देवालय यांचें वर्णन लिहून ठेवलें. हें प्रकरण छापून प्रसिद्ध व्हावयास १९५८ साल उजाडावें लागलें. म्हणजे अंकोरचें एक अगदीं आरंभींचें युरोपीय वर्णन मांडवीच्या कांठीं लिहिलें गेलें, आणि साडेतीन शतकें कागदांच्या गठ्ठ्यांत झोंपून राहिलें.

१६३२ सालीं उकोंदायु मोरिमोतो नांवाचा एक जपानी यात्रेकरू आला. अंकोर वट हेंच श्रावस्तीचें जेतवन, अशी त्या काळच्या जपानी यात्रेकरूंची समजूत होती. मातापित्यांच्या पुण्यार्थ आपण चार बुद्धमूर्ति अर्पण केल्या असें त्यानें तेथील एका खांबावर शाईनें लिहून ठेवलें आहे. स्थळ चुकलें, पण भक्ति चुकली नाहीं. शिवाय तें स्थान ओसाड नव्हतें, हेंहि त्यावरून सिद्ध होतें. सोळाव्या शतकांत ख्मेर राजांनीं अंकोर वटाच्या ईशान्येकडील भिंतींवरचें अपुरें राहिलेलें कोरीव काम पुरें करविलें होतें, आणि भिक्षूंची वस्ती तेथें अखंड होती. तेव्हां १८६० सालीं आंरी मूओ या फ्रेंच प्रवाशानें अंकोरचा 'शोध' लावला, असें जें अद्यापि प्रवासी-पत्रकांतून छापण्यांत येतें, त्यास काय म्हणावें? ज्या घरांत माणसें राहत आहेत त्याचा शोध लागत नाहीं. फार तर पत्ता लागतो. खुद्द मूओनें असा दावा केलेला नाहीं. त्याच्याहि दहा वर्षें आधीं बुईव्हो नांवाचा एक फ्रेंच पाद्री तेथें जाऊन आला होता. मूओ १८६१ सालीं लाओसच्या रानांत तापानें गेला. त्याचा प्रवासवृत्तान्त सचित्र होऊन पॅरिसमध्यें निघाला, आणि त्या चित्रांनीं युरोपच्या डोळ्यांपुढें एक रानांत बुडालेलें नगर उभें केलें.

चित्रामागून तोफा आल्या, असें म्हणतां येणार नाहीं, तह आले. २३ मार्च १९०७ च्या तहानें सयामनें बत्तंबंग, सिएम रीप आणि सिसोफोन हे प्रांत फ्रेंचांच्या हवालीं केले, आणि अंकोर कंबोडियांत, अर्थात् फ्रेंच अमलाखालीं, परत आलें. दुसऱ्याच वर्षीं तेथें संरक्षणकार्याची कचेरी निघाली. तिचा पहिला अधिकारी झां कोमाय १९१६ सालीं मजुरांच्या पगाराची रक्कम नेत असतां लुटारूंकडून मारला गेला. त्याच्यामागून आंरी मार्शाल यानें उभा जन्म तेथें घालविला. या माणसांचे कष्ट कमी लेखण्याचें कारण नाहीं. डचांनीं जावा बेटांत वापरलेली पद्धति मार्शालनें शिकून घेतली, आणि १९३१ ते १९३६ पर्यंत बांतेय स्रेइ हें गुलाबी दगडाचें देवालय एक एक शिळा उतरवून पुन्हां जागच्या जागीं रचलें. तेंच देवालय, जेथून १९२३ सालीं आंद्रे मालरो या बाविशींतल्या तरुणानें देवतांच्या मूर्ति करवतीनें कापून नेल्या, व नोम पेन्ह येथें पकडला गेला. हाच गृहस्थ पुढें फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला.

परंतु विद्येच्या बरोबरीनें व्यापारहि आला. १९२५ सालीं अंकोर हें संरक्षित उद्यान म्हणून जाहीर झालें. १९३१ सालीं पॅरिसच्या वसाहतींच्या प्रदर्शनांत अंकोर वटाची प्रचंड प्रतिकृति उभारून सहा महिने लोकांस दाखविण्यांत आली. १९३२ सालीं सिएम रीपमध्यें 'ग्रँड हॉटेल' उघडलें. सायगांवाहून मोटारीनें यावें, त्या हॉटेलांत उतरावें, रात्रीं मशालींच्या उजेडांत नर्तकींचा नाच पाहावा आणि परत जावें, असा हा क्रम ठरून गेला. मोटार फ्रेंचांची, हॉटेल फ्रेंचांचें, बंदर फ्रेंचांचें. दगड मात्र ख्मेरांचे, आणि नाच त्यांच्या मुलींचा. या व्यवस्थेंतील एक गोष्ट पुढें कायम राहिली, ती म्हणजे अंकोरचें दार कंबोडियाच्या बाहेर असणें. तेव्हां तें सायगांवांत होतें. पुढें तें बँकॉकांत गेलें.

१९५३ सालीं देश स्वतंत्र झाला. सिहानूकच्या कारकीर्दींत अंकोर हें राष्ट्राच्या अभिमानाचें व दरबारी पाहुणचाराचें स्थान बनलें. १९६६ सालीं जनरल द गॉल आले, १९६७ सालीं केनेडींची विधवा पत्नी येऊन गेली. ध्वजावर अंकोर वटाचे मनोरे होते. आणि राज्यक्रान्ति कितीहि झाल्या तरी ध्वजावरून ते मनोरे कोणीहि उतरविले नाहींत, ख्मेर रूज यांनीं देखील नाहींत! १९७० सालीं राज्य उलथलें, आणि त्याच वर्षीं अंकोरच्या परिसरांत सैन्यें घुसलीं. त्यावेळीं बाफुओन देवालयाचा जीर्णोद्धार चालू होता. सुमारें तीन लाख शिळा उतरवून, क्रमांक घालून, रानांत मांडून ठेविल्या होत्या. कोणती शिळा कोठली याचे कागद १९७५ मध्यें नष्ट झाले. ज्यांस ते ठाऊक होतें तीं माणसेंहि बहुतेक नष्ट झालीं. त्या चार वर्षांच्या राजवटींत देशांतील चार-पांच माणसांमागें एक माणूस मेला. बाफुओनचें कोडें १९९५ पासून पुन्हां सोडवावयास घेतलें, आणि तें २०११ सालीं सुटलें.

१९७९ नंतरच्या काळांत जगांतील बहुतेक राष्ट्रें नोम पेन्हचें सरकार मानावयास तयार नव्हतीं. भारतानें तें १९८० सालीं मानलें, आणि १९८६ पासून १९९३ पर्यंत भारतीय पुरातत्त्व खात्याच्या मंडळींनीं अंकोर वटावर काम केलें. आसपास सुरुंग पेरलेले, लढाई संपलेली नाहीं, अशा स्थितींत हे लोक तेथें राहिले, हें त्यांस भूषणावह होय. त्यांनीं दगड स्वच्छ करण्यासाठीं रसायनें वापरलीं याबद्दल त्यांजवर पुढें कडक टीका झाली, आणि ती सर्वस्वीं निराधार होती असें म्हणवत नाहीं. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आपल्याकडील पुष्कळ विद्वान अंकोरचें नांव निघतांच 'ही आमचीच वसाहत' असें म्हणून मिशीवर हात फिरवितात. संस्कृत तेथें होतें, शिव-विष्णु तेथें होते, समुद्रमंथन तेथील भिंतीवर कोरलेलें आहे, हें सर्व खरें. परंतु त्या देशावर आपल्याकडील कोण्या राजानें राज्य केल्याचा पुरावा नाहीं. आणि इतक्या आपलेपणाच्या गर्जना करणाऱ्या आपल्या देशांतून तेथें जाणारांची संख्या कित्येक वर्षें नगण्यच होती.

१९९१ च्या पॅरिस करारानंतर दार उघडलें. डिसेंबर १९९२ मध्यें अंकोरचें नांव जागतिक वारशाच्या यादींत, व त्याच दिवशीं धोक्यांतील वारशाच्या यादींतहि दाखल झालें. दुसऱ्या यादींतून तें २००४ सालीं निघालें. १९९५ सालीं स्थानिक अधिकारमंडळ स्थापन झालें. त्याच्या लांबलचक फ्रेंच नांवाचीं आद्याक्षरें 'अप्सरा' अशीं जुळविलेलीं आहेत. पोल पोट १९९८ मध्यें मेला आणि रानांतील युद्ध संपलें. त्याच सुमारास सिएम रीपास परदेशांतून थेट विमानें उतरूं देण्याचें धोरण सरकारनें घेतलें. परिणाम विलक्षण झाला. १९९३ मध्यें सबंध देशांत सव्वा लाखाच्या आंतच प्रवासी आले होते; २००४ मध्यें ते दहा लाखांवर, २००७ मध्यें वीस लाखांवर, २०१३ मध्यें बेचाळीस लाखांवर गेले. जगाच्या इतिहासांत इतकी भयंकर आपत्ति भोगलेल्या देशानें वीस वर्षांत असा व्यापार उभा केल्याचीं उदाहरणें थोडीं.

तथापि या थेट विमानांचा एक दोष तेव्हांपासूनच दिसत होता. बँकॉकहून सकाळीं निघालेला मनुष्य अंकोर वट, बायोन आणि ता प्रोह्म पाहून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं परत जाऊं लागला. त्याच्यासाठीं कंबोडिया देश म्हणजे तीन देवळें आणि एक सूर्यास्त. हॉटेलें पुष्कळशीं परक्या भांडवलाचीं, आणि त्यांतील भाजीपाला व फळें देखील थायलंड-व्हिएतनामांतून येऊं लागलीं. सिएम रीप प्रांत धंदा भरभराटीस असतांनाहि देशांतील गरीब प्रांतांत मोडत असे, हें आश्चर्य वाटण्यासारखें खरें, पण कोडें नाहीं. खुद्द देवळाच्या दारावरचें तिकीट १९९९ पासून २०१५ अखेरपर्यंत एका खासगी कंपनीच्या हातीं होतें. २०१६ पासून तें सरकारनें आपल्याकडे घेतलें. २०१७ सालीं एका दिवसाच्या तिकिटाचा दर २० डॉलरचा ३७ डॉलर झाला, आणि प्रत्येक तिकिटामागें दोन डॉलर मुलांच्या रुग्णालयांस देण्याचें ठरलें. १०२ आरोग्यशाळांचा हिशेब ज्याच्या लेखांत आहे त्या सातव्या जयवर्म्यास ही तरतूद पसंत पडली असती.

आतां आंकड्यांकडे पुन्हां वळूं. देशांत आलेल्या प्रवाशांची संख्या २०२४ सालीं २०१९ पेक्षां किंचित् अधिकच झाली, हें वर सांगितलें. परंतु अंकोरचें तिकीट काढणारे परदेशी लोक २०१९ मध्यें सुमारें २२ लाख होते, ते २०२४ मध्यें दहा लाखांच्या थोडे वर राहिले. तिकिटांचें उत्पन्न जवळ जवळ दहा कोटी डॉलरांवरून पावणेपांच कोटींवर आलें. देशाचें अंगण भरलें आणि देवघर अर्धें रिकामें राहिलें, याचा अर्थ काय? अर्थ असा कीं 'प्रवासी' या एका शब्दाखालीं दोन निराळीं माणसें मोजलीं जात आहेत. थायलंड आणि व्हिएतनाम यांच्या सीमेवरून जमिनीच्या वाटेनें येणारे, व्यापारासाठीं, नातेवाइकांसाठीं किंवा सीमेवरील जुगारगृहांसाठीं येणारे लोक वाढले. २०२४ सालीं एकट्या थायलंडांतून वीस लाखांहून अधिक लोक आले. उलटपक्षीं विमानानें येऊन हॉटेलांत राहणारा आणि देवळें पाहणारा मनुष्य कमी झाला. २०१९ मध्यें चीनमधून साडेतेवीस लाख लोक आले होते; २०२४ मध्यें ते साडेआठ लाखांच्या आसपास होते.

याचें एक कारण देशानें स्वतःच ओढवून घेतलें, असें आमचें स्पष्ट मत आहे. सिहानूकव्हिल या समुद्रकांठच्या शहरांत २०१६ नंतर चिनी जुगारगृहांचें पेंव फुटलें. २०१९ मध्यें सरकारनें यंत्रांवरून चालणाऱ्या दूरस्थ जुगारास बंदी केली, तेव्हां शेंकडों इमारती अर्धवट उभ्या राहिल्या. मग अशा ठिकाणीं, कुंपणांच्या आंत माणसें डांबून, त्यांजकडून परदेशीयांस फसविण्याचीं दुकानें चालविलीं जात असल्याच्या हकीकती २०२२ पासून जगभर पसरल्या. डांबलेल्यांत भारतीयहि होते. ज्या देशाचें नांव घेतांच आईबाप मुलास 'जाऊं नको' म्हणतात, त्या देशानें कितीहि सुंदर चित्रपत्रकें छापलीं तरी त्यांचा काय उपयोग? नांवाची धूळ पत्रकांनीं झटकली जात नाहीं.

ऑक्टोबर २०२३ मध्यें सिएम रीपचा नवा विमानतळ सुरू झाला. जुना विमानतळ देवळांच्या इतका जवळ होता कीं विमानांच्या हादऱ्यांची भीति वाटे. नवा शहरापासून चाळीस किलोमीटरांहून दूर आहे. चिनी कंपन्यांनीं सुमारें ११० कोटी डॉलर खर्चून तो बांधला, व पंचावन्न वर्षें तोच वर्ग तो चालविणार आहे. वर्षास सत्तर लाख उतारू मावतील असा त्याचा हिशेब आहे. पंचावन्न वर्षें म्हणजे, फ्रेंचांचें राज्य १९०७ पासून अंकोरवर जितकीं वर्षें चाललें त्याहून अधिक. विमानतळ चांगला आहे; दार मोठें झालें आहे; पण दाराची किल्ली पुन्हां एकदां परक्याच्या कनवटीस आहे.

या सर्वांहून खोल जाणारा प्रश्न पाण्याचा आहे. अंकोर हें दगडाचें नगर वाटतें. वस्तुतः तें पाण्याचें नगर होतें. पश्चिमेकडील मोठा तलाव लांबीस जवळ जवळ आठ किलोमीटर व रुंदीस दोन किलोमीटरांहून थोडा अधिक आहे. कालवे, बांध, खंदक यांचें जाळें सुमारें एक हजार चौरस किलोमीटरांच्या वस्तींत पसरलेलें होतें. चौदाव्या-पंधराव्या शतकांतील दीर्घ अवर्षणें आणि मधूनमधून कोसळणाऱ्या अतिवृष्टि यांनीं हें जाळें मोडलें, आणि त्या नगराच्या ऱ्हासास हेंहि एक मोठें कारण झालें, असें झाडांच्या खोडांतील वर्तुळें मोजून विद्वानांनीं दाखविलें आहे. देवळांचे पाये वाळूवर आहेत, आणि ती वाळू ओली असेतोंवरच घट्ट राहते. तिच्याखालचें पाणी हॉटेलांच्या विहिरींनीं उपसलें तर कोणत्या दिवशीं कोणता मनोरा कलेल हें कोण सांगणार? अधिकारमंडळानें जुने खंदक आणि तलाव पुन्हां भरण्याचें काम हातीं घेतलें, प्रेआ खानचा कोरडा पडलेला तलाव पुन्हां भरला, हें त्याचें सर्वांत दूरदर्शी कृत्य होय. त्याचा गाजावाजा झाला नाहीं, कारण पाण्याचीं छायाचित्रें काढावयास कोणी येत नाहीं.

ता प्रोह्मच्या झाडांचीं मात्र सर्वजण काढतात. तेथील वडासारखे अजस्र वृक्ष भिंतींस मिठी मारून उभे आहेत. फ्रेंचांनीं तें देवालय मुद्दाम तशाच स्थितींत ठेवलें, आणि २००१ सालच्या एका अमेरिकन चित्रपटानें तें घरोघर पोंचविलें. तेथें २००४ च्या सुमारापासून भारतीय पुरातत्त्व खातें काम करीत आहे. झाड काढलें तर भिंत पडते, ठेवलें तरी भिंत फाटते, आणि प्रवासी तर झाडासाठींच आलेला आहे! शास्त्र आणि बाजार यांच्या कात्रींत सांपडणें म्हणजे काय, हें आमच्या देशबांधवांस तेथें रोज अनुभवावें लागतें.

आतां त्या गांवांकडे वळावयाचें, ज्यांचा उल्लेख आम्ही आरंभीं केला. अंकोरचें संरक्षित क्षेत्र सुमारें चारशें चौरस किलोमीटरांचें आहे, आणि त्यांत आजहि भातशेती करणारीं, ताडगूळ करणारीं, देवळांतल्या देवतांस पूर्वजांप्रमाणें मानणारीं गांवें आहेत. अशीं ११२ जुनीं गांवें सरकारनें मान्य केलीं आहेत. १९९० नंतर धंद्याच्या ओढीनें तेथें पुष्कळ नवी वस्तीहि झाली. २०२२ पासून सुमारें दहा हजार कुटुंबांस तेथून हालवून रुन ता एक वगैरे नव्या वसाहतींत नेण्याचा उपक्रम सुरू झाला. प्रत्येकास वीस मीटर रुंद व तीस मीटर लांब असा जमिनीचा तुकडा मिळाला. सरकार म्हणतें कीं लोक आपखुशीनें गेले, आणि वारसा जपण्यासाठीं हें अवश्य होतें. 'ॲम्नेस्टी'नें नोव्हेंबर २०२३ च्या आपल्या अहवालांत यास सक्तीची हकालपट्टी म्हटलें.

नवी दुकानें, पत्र्याचीं छपरें, अतिक्रमणें वाढूं द्यावीं असें आमचें म्हणणें नाहीं. देवळाच्या भिंतीशीं चूल पेटविणें कोणासच मान्य होणार नाहीं. परंतु जी बाई देवळाच्या वाटेवर नारळ विकून दिवसाचे दोन पैसे मिळवीत होती, तिला दूरच्या माळावर नेऊन बसविल्यास तिचा नारळ कोण घेणार? प्रवाशाच्या पैशापैकीं जो थोडासा अंश मधल्या कोणा दलालाच्या हाताविना गरिबाच्या पदरांत पडत होता, तो या वाटेवरचाच होता. ता प्रोह्मच्या लेखांत गांवांची गणना देवाच्या वैभवांत झाली आहे. आजच्या हिशेबांत तींच गांवें देवाच्या शोभेस अडथळा ठरलीं. निर्जन अंकोरचें हें वेड ख्मेरांचें नाहीं; तें मूओच्या चित्रांतून आलेलें आहे, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ विकलें जात आहे.

भविष्याविषयीं बोलावयाचें तर, वाढीस वाव नाहीं असें नव्हे. तो अंकोरच्या बाहेर आहे. सांबोर प्रेइ कुक, म्हणजे अंकोरच्याहि पूर्वींचें ईशानपुर, २०१७ सालीं जागतिक वारशांत आलें. कोह केर २०२३ सालीं आलें. कोह केरची गोष्ट तर महाराष्ट्रीय वाचकास विशेष जवळची वाटेल. तेथील एका देवळांत भीम-दुर्योधनांच्या गदायुद्धाचा मोठा शिल्पसमूह होता, भोंवतीं पांडव व बलराम बसलेले. युद्धाच्या धामधुमींत चोरांनीं त्या मूर्ति पायांपासून तोडून नेल्या. पाय तेथेंच राहिले. दुर्योधन न्यूयॉर्कच्या लिलावांत निघाला, भीम कॅलिफोर्नियाच्या संग्रहालयांत बसला. त्या पायांवरूनच चोरी सिद्ध झाली, आणि २०१४ सालीं दोघेहि मायदेशीं परतले. ते आज नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत. २०२५ मध्यें तुओल स्लेंग, चुएंग एक इत्यादि ख्मेर रूजांच्या अत्याचारांचीं स्थानेंहि जागतिक वारशांत आलीं. हीं स्थळें पाहावयाचीं तर दोन दिवस पुरत नाहींत, आणि वाटेंत खेड्यांत उतरावें लागतें. साठ लाख माणसें दोन दिवस राहण्यापेक्षां तीस लाख माणसें चार दिवस राहिलीं तर हॉटेलांच्या विहिरींवर कदाचित् तितकाच ताण पडेल. पण तो ताण एका शहरावर न पडतां पांच प्रांतांत वांटला जाईल, आणि पैसाहि त्याच वाटेनें वांटला जाईल.

परंतु वाट मोकळी पाहिजे. आरंभीं सांगितलेल्या विश्रामगृहांपैकीं विमायपुराच्या रस्त्यावरचीं जीं १७, तीं ज्या डोंगररांगेंतून जातात त्या रांगेवर आज थायलंडची सीमा आहे, आणि विमायपुर, म्हणजे आजचें फिमाई, थायलंडांत आहे. १९४१ सालीं हीच सीमा सरकली, १९४६ सालीं परत आली. प्रेआ विहार देवळासाठीं दोघे १९५९ सालीं हेगच्या न्यायालयांत गेले, २०११ सालीं तेथें गोळीबार झाला. २००३ सालीं तर अंकोर कोणाचें यावरून उठलेल्या एका अफवेनें नोम पेन्हमधील थाई वकिलात जाळली गेली. जून २०२५ मध्यें सीमेवरचे दरवाजे बंद होऊं लागले, आणि २४ जुलै २०२५ रोजीं लढाईस तोंड लागलें तें ता मुएन थॉम या देवळापाशीं. जुलैअखेर युद्धविराम झाला, डिसेंबरांत पुन्हां तोफा सुरू झाल्या, आणि वर्ष संपतां संपतां त्या पुन्हां थांबल्या. त्या वर्षीं थायलंडांतून जमिनीच्या वाटेनें येणारा लोंढा आटला.

ता मुएन थॉमपासून हांकेच्या अंतरावर जंगलांत आणखी दोन लहान इमारती आहेत. एक जयवर्म्याच्या आरोग्यशाळेचें देवालय. दुसरी लांबट दालनाची, दक्षिणेकडे खिडक्या असलेली. ती त्या सतरा वह्निगृहांपैकीं एक आहे.